लक्ष असू द्या

आमच्या घरातल्या देवपूजेचं खातेवाटप माझ्या जन्माआधीच झालेलं होतं. प्रत्यक्ष पूजा वडिलांकडे, उपकरणी घासणं आणि नैवेद्य आईकडे, गंध उगाळणं थोरल्या बहिणीकडे, आणि ज्याला काहीच येत नाही त्याच्याकडे फुलं आणण्याचं खातं. हे शेवटचं खातं मी वयाच्या सहाव्या वर्षी स्वीकारलं. पुढे बहीण लग्न होऊन नागपूरला गेली, वडील गेले, पूजा आईकडे आली, मी बँकेत कारकून म्हणून लागून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. पण घरात माझी बढती काही झाली नाही. आज ६६व्या वर्षीही मी फुलंच आणतो.

हे काम सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी फुलं फक्त सत्काराच्या हारात पाहिलेली असतात. सत्काराच्या हाराला नियम एकच. तो गळ्यात पडला रे पडला की विनयाने काढून टेबलावर ठेवायचा, आणि फोटोग्राफरचा क्षण हुकला असेल तर तितक्याच विनयाने पुन्हा घालून घ्यायचा. देवाला ही विनयाची सवय नाही. एकदा घातलेला हार तो दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत उतरवत नाही. त्यामुळे काय घालून घ्यायचं याबाबत तो काटेकोर असतो. आणि समजा तो नसला, तरी आमची आई आहेच.

बँकेत मी चौतीस वर्षं सर्क्युलरं वाचली, पण फुलांच्या सर्क्युलरांपुढे ती काहीच नव्हेत. गणपतीला जास्वंद, तीही लाल. तुळस त्याला वर्षातून एकदाच, भाद्रपदातल्या चतुर्थीला, आणि तीही शमी, माका, आघाडा, डोरली अशा एकवीस पत्रींच्या गर्दीत. शंकराला पांढरं फूल आणि बेल. धोतरा चालतो, पण केवडा चालत नाही. का, तर शंकराच्या लिंगाचं टोक पाहून आलो अशी थाप ब्रह्मदेवाने मारली आणि केवड्याने त्याच्या बाजूने खोटी साक्ष दिली. ब्रह्मदेवाची पूजा बंद झाली आणि केवडा कायमचा बडतर्फ झाला. बँकेत इतकं जुनं प्रकरण असतं तर एव्हाना फाईल तरी हरवली असती. मारुतीला शनिवारी रुईच्या पानांची माळ, विठोबाला तुळशीची. फूल उमलतं तसं तोंड वर करून वाहायचं, बेल मात्र पालथा. कळी बाद. किडकं बाद. खाली पडलेलं बाद. आणि वास घेतलेलं तर साफ बाद.

या शेवटच्या कलमाने माझं बालपण नासलं. मोगरा घेऊन येताना मी श्वास कोंडून चालत असे. दारात आई विचारी, "वास नाही ना रे घेतलास?" आता मोगऱ्याचा वास काय घ्यावा लागतो? तो आपण होऊन येतो आणि नाकात शिरतो. 'मी घेतला नाही, तो आला' हा माझा बचाव आईने कधी मान्य केला नाही, पण फुलंही कधी परत पाठवली नाहीत. कायदा कडक आणि अंमलबजावणी सैल, हे आपल्या देशाचं धोरण मला तिथेच पहिल्यांदा कळलं.

नियम नुसते फुलांना नव्हते, शब्दांनाही होते. "फुलं तोडून आणली" म्हटलं की आई दचके. फूल तोडायचं नसतं, खुडायचं असतं. प्राजक्त वेचायचा. हार गुंफायचा, गजरा ओवायचा, वेणी माळायची, आणि देवाला फूल वाहायचं. "मग घालतात कुणाला?" असं मी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पुढाऱ्याला."

गोष्टींतही हिशेबच असायचे. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या पोटात आग पडली, तेव्हा अठ्ठ्याऐंशी हजार ऋषींनी प्रत्येकी एकवीस दूर्वा वाहिल्या आणि त्याला गार वाटलं. ही गोष्ट ऐकताना इतर मुलं हात जोडत. मी पाटीवर गुणाकार केला. १८ लाख ४८ हजार दूर्वा! तेव्हाच वडील म्हणाले, "हा बँकेत जाणार." ते आशीर्वाद म्हणून म्हणाले की निराश होऊन, ते अजून मला उमगलेलं नाही.

पुण्यात राहून फुलं आणायची म्हणजे आणखी एक भानगड असते. पहाटे साडेपाचला इथे जी माणसं फिरायला निघतात त्यांच्यातली निम्मी प्रकृतीसाठी निघालेली नसतात. पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्याला माकडटोपी आणि स्वेटरच्या आत दडवलेली पिशवी. यांचे तीन प्रकार. पहिला प्रकार कुंपणाबाहेर आलेल्या फांदीलाच हात लावतो; हा नीतिमान. दुसरा प्रकार आकडी बाळगतो आणि आतली फांदी बाहेर आणून मग पहिल्या प्रकाराप्रमाणे वागतो. तिसरा प्रकार सरळ फाटक उघडून आत येतो, आणि मालक दिसलाच तर "काय, उठलात का?" असं विचारून फुलं खुडत राहतो. तिघांचंही म्हणणं एकच, देवाच्या फुलाला चोरी म्हणत नाहीत. ज्यांच्या बागा असतात त्यांचं म्हणणं थोडं वेगळं असतं. आमच्या शेजारच्या बंगल्यातल्या नानांनी तर फाटकावर पाटीच लावली आहे : 'येथील फुले देवासाठी आहेत. आमच्या देवासाठी.'

ज्यांना या युद्धात पडायचं नसतं त्यांच्यासाठी फुलपुडी आहे. पूर्वी ती पानात बांधून दोऱ्याने दाराच्या कडीला अडकवलेली असायची, आता प्लॅस्टिकच्या पिशवीत येते. आत दोन शेवंत्या, एक झेंडू, चार दूर्वा, तुळशीचं टिकलीएवढं पान आणि बेलाचं एक त्रिदळ, म्हणजे कुठलाच देव अगदी नाराज होऊ नये आणि कुठलाच फार खूशही होऊ नये, अशी सर्वपक्षीय तडजोड. माझे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मीही महिनाभर फुलपुडी लावली होती. आई काही बोलली नाही. फक्त रोज पुडी सोडताना म्हणायची, "ही पाठवलेली फुलं. आणलेली नव्हेत." पुढच्या महिन्यात मी बंद केली.

तर अशा या आमच्या आईने २०२३च्या आषाढात जाहीर केलं, "या चातुर्मासात मी प्राजक्ताची लाख फुलं वाहणार."

आई तेव्हा ८६ वर्षांची होती. मी पेपर खाली ठेवला. सौ.ने गॅस बारीक केला.

"लाख?" मी म्हणालो.

"लक्ष वाहायचं म्हणजे लाखच. माझ्या सासूबाईंनी बेलाचं वाहिलं होतं."

"अगं, पण नवस कशाचा?"

"नवस कसला? या वयात मागायचं काय? इतकी फुलं पडतात आणि पायदळी जातात, ते बघवत नाही. उठवतंय तोवर वाहीन म्हणते."

प्राजक्ताला आईच्या घटनेत खास सवलत आहे. खाली पडलेलं फूल बाद, पण प्राजक्त खाली पडलेलाच घ्यायचा. संध्याकाळी उमलतो, रात्रभर घमघमतो आणि उजाडायच्या आत झाडाखाली त्याचा सडा पडतो. शिवाय तो मंडईत मिळत नाही. मिळणार कसा? गाळे उघडून गिऱ्हाईक येईपर्यंत बिचारा मान टाकतो. दसऱ्याला झेंडू कितीही महागला तरी पैसे टाकले की येतो. प्राजक्त पैशाने येत नाही. वाकावं लागतं.

आणि झाड आमचं नव्हतं. ते नानांचं होतं. नानांच्या कंपाउंडात बुंधा, आणि निम्म्या फांद्या आमच्या बाजूला. कृष्णाने स्वर्गातून पारिजातक आणून सत्यभामेच्या अंगणात लावला आणि फुलं पडली रुक्मिणीच्या अंगणात, ही गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण त्यानंतर त्या दोघींच्या कंपाउंडवरून काय पत्रव्यवहार झाला असेल, याची कल्पना आम्हां दोन घरांनाच आहे. पानांचा कचरा आमच्याकडे पडतो म्हणून तीस वर्षांपूर्वी मी नानांना एक पत्र लिहिलं होतं. नानांनी उत्तर दिलं होतं, 'कचऱ्याबरोबर फुलेही पडतात. त्याची पोच मिळाली नाही.' तेव्हापासून आमचं बोलणं 'पाणी आलं का?' आणि 'वीज गेली का?' एवढ्यावर येऊन थांबलं होतं.

लाखाचा आकडा ऐकून माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. आषाढी एकादशी २९ जूनला, कार्तिकी २३ नोव्हेंबरला. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा. अधिकात लोक जावयाला तेहेतीस अनारसे देतात, आम्हांला तीस दिवस बोनस मिळाले. एकूण १४८ दिवस, म्हणजे रोज ६७६ फुलं. मी नवी वही आणली आणि रकाने पाडले : तारीख, मागील बाकी, आजची जमा, एकूण, शेरा.

"हे कशाला?" आईने विचारलं.

"अगं, हिशेब नको? गोल गोल आकडे सांगून देवाला फसवायचं का?"

इथे एक खुलासा करायला हवा. गोल आकडा हा माझा व्यवसायातला शत्रू. चौतीस वर्षं मी जेवताना घरी एकच गोष्ट सांगत आलो, की खरा व्यवहार कधी गोल नसतो. सतराशे बेचाळीस रुपये पंचवीस पैसे, असा असतो. वहीत ओळीने दोन हजार, दोन हजार, दोन हजार दिसले की तिथे खोल खणावं. माणूस खोटं लिहायला लागला की त्याला शून्यांची चटक लागते. हे ऐकताना सौ. जांभया देई, मुलं ताटावरून उठून जात. आई मात्र हूं हूं करत वाढत असायची.

माझ्या अंदाजपत्रकात एकच दोष होता. चातुर्मास सुरू झाल्याचं झाडाला कुणी कळवलेलं नव्हतं. जुलैत ते नुसतं हिरवंगार उभं. आई परडी घेऊन जाई आणि चार नाहीतर सात फुलं घेऊन येई. मी गंभीरपणे लिही, 'जमा ७. शेरा : असमाधानकारक.' त्यात त्या वर्षीचा ऑगस्ट कोरडाठाक गेला. देशभरात १९०१पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. १५ ऑगस्टला वहीत अवघी ११४० फुलं होती, आणि उरलेल्या शंभर दिवसांत रोज ९८९ लागणार होती.

मी आईला म्हणालो, "तू आपलं दहा हजारांवर आण. मुदतीत हप्ता सोसवत नसेल तर बँकासुद्धा तडजोड करतात."

आई म्हणाली, "झाडाला ठाऊक आहे."

आणि खरोखर श्रावणाच्या उत्तरार्धात ते झाड जे सुटलं, ते सुटलंच. सकाळी अंगणात पाय टाकायला जागा राहीना. आई पाटावर बसून सरकत सरकत वेचायची. अंगठा आणि एका बोटाने, केशरी देठाला धरून, पाकळीला न दुखवता. मग देवासमोर बसून एकेक वाहायची आणि पुटपुटत मोजायची. आमचा रांगता बाळकृष्ण जेमतेम तीन बोटांचा. दोनशेच्या आसपास तो दिसेनासा होई. हजाराच्या सुमाराला देव्हाऱ्यात नुसता एक सुगंधी ढीग राही. आरतीच्या वेळी मी अंदाजाने ओवाळत असे. मी सुचवून पाहिलं, की एकदा एक वाटीभर फुलं मोजून घ्यावीत आणि पुढे वाट्यांनी गुणावं. आई म्हणाली, "अरे, ते तांदूळ घेताना."

निर्माल्याचा प्रश्न आलाच. रोज हजार फुलं टाकायची कुठे? ती पायाखाली येता कामा नयेत. आईने ठरवलं, ज्याची त्याला; नानांच्या झाडाच्या बुंध्याशी. मी भिंतीवरून नानांना विचारलं. आमच्यातलं ते तीस वर्षांतलं सर्वांत लांब वाक्य. नाना विचार करून म्हणाले, "म्हणजे आमचाच कचरा आम्हांला परत?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "टाका. खत होईल."

१७ ऑक्टोबरला वहीत ६२,३१८ फुलं जमा होती. त्या रात्री आईला थंडी वाजून ताप भरला, छाती भरून आली, आणि १८ तारखेला ऐन नवरात्रात तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं.

नाकाला नळी, हाताला सलाईन, आणि डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न, "फुलं?"

"वाहतो ना मी," मी म्हणालो.

तुम्ही कधी प्राजक्त वेचलाय का? लांबून ते दृश्य फार काव्यमय दिसतं. पहिल्या दीडशे फुलांपर्यंत आपल्यालाही तसं वाटतं. अडीचशेला कंबर आपली जात दाखवते. तीनशेच्या पुढे फूल म्हणजे देवाने माणसाचा सूड घेण्यासाठी केलेली वस्तू आहे अशी खात्री पटते. रात्री हॉस्पिटलात बाकावर बसून काढलेली, सकाळी डॉक्टरांची फेरी गाठायची. पहिल्या दिवशी मी ३१२ फुलं वाहिली, आणि दुपारी आईने विचारलं, "आज किती झाली रे?" तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून म्हणालो, "हजार."

तिने समाधानाने डोळे मिटले. संध्याकाळी घरी येऊन मी वहीत १००० लिहिलं.

चौतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या वह्यांतून खोटे आकडे शोधून काढले, त्याने स्वतःच्या आईच्या देवाच्या वहीत खोटा आकडा लिहिला. आणि एकदा लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी हात जरासुद्धा अडखळला नाही, याचीच मला जास्त लाज वाटली. मी पकडलेले सगळे कॅशियर त्या रात्री मला आठवले. त्यांतल्या एकाला मी विचारलं होतं, "अहो, सुरुवात तरी कशी केलीत?" तो म्हणाला होता, "साहेब, घरात आजारपण होतं." मी शेऱ्यात लिहिलं होतं, 'खुलासा असमाधानकारक.'

दसराही हॉस्पिटलातच गेला. सौ.ने येताना झेंडूचं एक फूल आणलं आणि सलाईनच्या दांडीला अडकवलं. "आज शस्त्रांची पूजा असते," ती म्हणाली. नर्स हसली आणि तिने ते तसंच राहू दिलं.

आठ दिवसांनी आई घरी आली. वहीत आठ हजार जमा होती. प्रत्यक्षात वाहिली होती २७४७. खड्डा ५२५३ फुलांचा.

आई पुन्हा पाटावर बसली, आता जरा हळू. वेचायला सौ. मदतीला, वाहायला ती स्वतः. तिला पत्ता लागू न देता मला माझी तूट भरून काढायची होती. मी दोन नंबरची वही काढली. सगळे करतात तसंच. घरातले उठायच्या आत बॅटरी घेऊन बाहेर पडायचं आणि कुंपणापलीकडची फुलं... होय, तिसरा प्रकार. वयाच्या ६४व्या वर्षी माकडटोपी घालून मी नानांचं फाटक उघडून आत गेलो आणि ओणवा होऊन वेचायला लागलो. एवढ्यात माझ्यापेक्षा मोठ्या बॅटरीचा झोत माझ्यावर पडला.

"बँकवाले," नाना म्हणाले, "पाटी वाचली नाहीत का?"

ओणव्याने माणसाला खोटं बोलता येत नाही. मी सगळं सांगून टाकलं. आईचा ताप, हजार, आठ हजार, ५२५३. नानांनी ऐकून घेतलं.

"आमच्या नोकरीत आठ दिवसांचं मस्टर एकदम भरत असत," ते म्हणाले, "पण ते सरकार होतं. ही तुमची आई आहे." मग म्हणाले, "पण वाहणार कुठे? घरी वाहिलीत तर त्यांना कळेल."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आत या," नाना म्हणाले.

तीस वर्षांत मी प्रथमच त्या घरात पाऊल टाकलं. देवघरात काळ्या पाषाणाचे विठ्ठल-रखुमाई. नानांच्या पत्नी गेल्यापासून नाना स्वतःच पूजा करतात, हे मला भिंतीपलीकडे राहून माहीत नव्हतं. रखुमाईच्या पायांशी चार प्राजक्ताची फुलं होती. "गुडघे वाकत नाहीत," नाना म्हणाले, "चारच होतात. झाड माझं, पण फुलं वेचता येत नाहीत. तुम्ही वाहा. देव एकच आहे, शाखा निराळी."

दुसऱ्या दिवसापासून नाना रात्री झाडाखाली जुनं धोतर पसरून ठेवू लागले. पहाटे ते चारी कोपरे धरून उचललं की फुलं मधोमध जमत. आम्ही दोघं समोरासमोर बसून मोजायचो. नानांचा हिशेब माझ्यापेक्षा काटेकोर. माझ्या १८३ला ते "एकशे ब्याऐंशी. ते एक किडकं होतं," म्हणायचे. मोजताना नाना मधूनच बायकोविषयी बोलत. ते झाड तिने लावलं होतं. माझ्या त्या जुन्या पत्राचं उत्तरही तिनेच सांगितलं होतं. नानांनी फक्त अक्षर दिलं.

२३ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशीला, आईने शेवटचं फूल वाहिलं. एक नंबरच्या वहीत बरोब्बर १,००,००० झाली. सौ.ने खव्याचे पेढे आणले. मी नमस्कार केला आणि नेहमीच्या सवयीने पुटपुटलो, "लक्ष असू द्या."

"लक्ष कुठे झालंय?" आई म्हणाली. "तुझी किती राहिलीत?"

मी सौ.कडे पाहिलं. तिने मान हलवली. तिने सांगितलं नव्हतं. नानांचा तर प्रश्नच नव्हता.

"कसली?" मी म्हणालो.

"अरे, झाड कधी रोज हजारावर थांबतं का? आठशे त्रेचाळीस पडतात, अकराशे सत्तावीस पडतात. आठ दिवस तू हजार, हजार, हजार सांगत होतास. मी पडल्या पडल्या म्हणत होते, याला शून्यांची चटक लागली."

जन्मात मी इतकं चांगलं इन्स्पेक्शन पाहिलेलं नाही. मी दोन नंबरची वही आणून तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावून शेवटचं पान पाहिलं. वाहिली ५०३९, बाकी २१४. नानांच्या बारीक अक्षरातल्या दुरुस्त्याही पाहिल्या.

"रागावलीस?" मी विचारलं.

"मोजायचं कशासाठी? देवाला आकडे येत नाहीत म्हणून? तेवढा वेळ मन दुसरीकडे जाऊ नये म्हणून मोजायचं. ते तुझं त्या आठ दिवसांत माझ्याकडे होतं, ते ठीकच झालं." मग वही मिटून म्हणाली, "पण वही खोटी ठेवू नये."

२१४ फुलं म्हणजे काहीच नव्हेत, असं मला वाटलं होतं. पण झाड ओसरायला लागलं होतं. त्यात नाना आजारी पडले, पंधरा दिवस त्यांच्या औषधपाण्यात गेले, आणि डिसेंबर संपता संपता झाडाखाली नुसती पानं उरली. आईने ती २१४ बाकी पुढच्या वर्षात ओढायला सांगितली. ८६व्या वर्षी बाकी पुढे ओढणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी नव्या पानावर लिहिलं, 'मागील बाकी २१४', आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

२०२४च्या ऑगस्टमध्ये झाड फुललं. आईने पाट मागवला, नाना काठी टेकत भिंतीपाशी येऊन उभे राहिले, आणि तीन सकाळींत तिने स्वतःच्या हाताने फुलं वाहिली. एकशे, दोनशे, दोनशे तेरा. हातातलं शेवटचं फूल तिने परडीत परत ठेवलं.

"अगं, एक राहिलं," मी म्हणालो.

"राहू दे. तूच सांगायचास ना, दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं झोपतं म्हणून? मग थोडी बाकी असलेली बरी."

आई आता ८८ वर्षांची आहे. पहिल्या सरी येऊन गेल्या आणि झाडाला पांढरे ठिपके दिसू लागले की मी विचारतो, "आई, ते एक वाहून टाकायचं का?" ती विचार केल्यासारखं करते आणि म्हणते, "यंदा नको."

मीही आग्रह करत नाही. इन्स्पेक्टर म्हणून मला ही थकबाकी वसूल करायला हवी, हे मला कळतं. पण वहीत ते एक फूल दर वर्षी पुढे ओढताना मला जे वाटतं, त्याला आमच्या बँकेत रकाना नव्हता.